महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाचे नाताळ व ईस्टर

धर्म बदलला म्हणजे मनुष्याचे सर्वच बदलते, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून नाताळात फराळाचे ताट येते. ते आपण आनंदाने घेतो. तरीपण हा सण ‘त्यांचा’, आणि तोही साहेबांच्या मुलुखातून आलेला, ही भावना मनातून जात नाही. ही भावना इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम युरोपाकडेच पाहू. हंगेरीतील खेड्यांत ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तरुण मुले घरोघर जाऊन मुलींवर पाणी शिंपडतात आणि मुली त्यांना रंगविलेली अंडी देतात. आपल्या रंगपंचमीची आठवण कोणास होणार नाही? रुमानियात नाताळाच्या सुमारास मुलांचे मेळे ‘कोलिंदे’ नावाची गीते गात दारोदार हिंडतात, आणि या गीतांपैकी कित्येकांत ख्रिस्तजन्माचा उल्लेखही नसतो. सूर्य, शिकार, धनधान्य यांचेच वर्णन असते. ईस्टरची तिथीही चांद्रमानावर अवलंबून आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवार हा तिचा सामान्य नियम; परंतु पाश्चात्य व पौर्वात्य चर्चची गणना भिन्न असल्याने हंगेरियन व रुमानियन शेजाऱ्यांचा ईस्टर पुष्कळदा वेगवेगळ्या रविवारी येतो. पंचांगभेदाची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. तात्पर्य, तेथील कुणब्यानेही जुना ऋतूत्सव टाकून न देता त्यावर नव्या श्रद्धेचा संस्कार केला. आणि एवढ्यावरून तो हंगेरियन वा रुमानियन उरला नाही, असे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’ वरून आला. गोव्यात या सणास नेवऱ्या, दोदोल, बेबिंका इत्यादी पक्वान्ने करून शेजारीपाजारी वाटण्याची चाल आहे. तिचे ‘कुस्वाद’ हे नाव पोर्तुगीज खरे. पण नेवरी ही आपल्या दिवाळीतील करंजीचीच बहीण होय. हिंदू शेजाऱ्यांकडून चवथीस जे ताट येते, त्याचीच ही परतफेड.

ही देवाणघेवाण मात्र सुखासुखी टिकलेली नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन स्थापन झाले. त्याने १७३६ साली काढलेल्या आज्ञापत्रात ख्रिस्ती लोकांनी लग्नात हळद लावू नये, देशी गीते गाऊ नयेत, विडासुपारी धाडू नये, अंगणात तुळस ठेवू नये, अशी कलमे आहेत. दीड शतकाहून अधिक काळ सत्ता राबविल्यावरही अशी मनाई करावी लागली, यावरूनच त्या चाली किती खोल रुजल्या होत्या हे दिसते. ज्यांना आज आपण परके समजतो, त्यांनीच त्या चालींसाठी शिक्षेचे भय पत्करले होते.

त्याच चर्चमधील दुसरी वृत्तीही सांगितली पाहिजे. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकावयास काहीतरी हवे, ही निकड त्याने ओळखली. ख्रिस्ताचा जन्म व त्याचे दुःखभोग यांची कथा गोव्यातील भाविकांनी पुराणाच्याच थाटात ऐकली. वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकली. तेथील पोर्तुगीज सत्ता गेली. पण ख्रिस्ती रयत राहिली, आणि तिची सामवेदी व वाडवळी बोली, बायकांचे लुगडे, हीही राहिली.

देशावर हा प्रवाह निराळ्या मार्गाने आला. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. आमच्या मराठवाड्यात, जालन्याजवळ, नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गावच वसविले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर भजन व अभंग यांना प्रार्थनामंदिरात मानाचे स्थान मिळवून दिले. वारंगा फाट्याहून नामदेवांची नर्सी फार दूर नाही. त्या भागातील माणसास टाळमृदंगावर गायिलेले ख्रिस्तजन्माचे पद ऐकताना नवखेपणा वाटण्याचे कारण नाही.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की, सादृश्य म्हणजे परंपरा नव्हे. नाताळातील चांदणीचा कंदील हा आपल्या आकाशकंदिलासारखा दिसतो म्हणून त्याचाच वंशज ठरत नाही; जर्मनीतील मोरेव्हियन पंथीयांतही तशी चांदणी एकोणिसाव्या शतकापासून आहे. दुसरी सावधगिरी अधिक कटू आहे. टिकले ते सर्वच गोड नव्हते. हळद व ओवी यांच्याबरोबर जातिभेदही चर्चच्या उंबरठ्याआत गेला. चांदर येथे इंत्रूजच्या दिवसांत होणारा मुसळांचा खेळ प्राचीन चंद्रपुराची स्मृती राखतो; पण तो एका विशिष्ट जातीच्या ख्रिस्ती लोकांचाच मान समजला जातो. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्याने त्याचा हा भागही आपलाच म्हणून ओळखला पाहिजे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक उपासनेत मराठीला रीतसर प्रवेश मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा त्यांच्या निवडीस विरोध करणारेही निघाले. चारशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत क्रिस्तपुराण रचले गेले, त्या भाषेच्या संमेलनात ख्रिस्ती धर्मगुरूचा अधिकार किती, असा प्रश्न उपस्थित व्हावा, हे आपल्या इतिहासज्ञानाचे माप होय. यंदा नाताळाचे ताट दारी येईल तेव्हा त्यातील करंजी ओळखावी, आणि ती कोठून आली हे मुलांनाही सांगावे.