नगरच्या फॅरारबाई

परदेशातल्या शाळेत नोकरी म्हटली की आज दोन वर्षांचा करार, राहायला घर, विमानाचं तिकीट आणि करार संपला की दुसरा देश, असा सगळा हिशेब डोळ्यांपुढे येतो. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, या पेशाची सुरुवात झाली तेव्हा असला हिशेब मांडायची सोय नव्हती. सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका नगरला आली ती १८३९ साली. १८६२ च्या जानेवारीत तिचा मृत्यू झाला, तोही नगरलाच.

तिचा जन्म १७९५ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावचा. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. मिशनऱ्यांच्या बायका ती सांभाळत. पण घर, मुलंबाळं आणि आजारपणं यांतून उरलेल्या वेळात शाळा चालत नाही, हे लवकरच कळून चुकलं. फक्त शाळांचंच काम पाहील अशी बाई पाठवा, अशी मागणी मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीला गेली. बत्तीस वर्षांची, अविवाहित सिंथिया जून १८२७ मध्ये जहाजात बसली आणि डिसेंबरच्या अखेरीस मुंबईला पोहोचली. प्रवासालाच सहा महिने. मिशनच्या दप्तरात तिची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशी झाली. शाळांची जबाबदारी मात्र पूर्ण तिच्यावर.

पहिलं काम मराठी शिकण्याचं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला तो १८३१ मध्ये, म्हणजे ती आल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. तोवर भाषा शिकायची ती पंडितांच्या तोंडून आणि रस्त्यावरच्या बोलण्यातून. त्या काळी शिकवू शकतील अशा बायका नव्हत्याच. त्यामुळे मुलींच्या शाळेतही प्रत्यक्ष शिकवायला पंतोजीच असत. शाळाशाळांत जाऊन अभ्यास तपासणं, मुली टिकवून धरणं आणि शिवणकाम शिकवणं हा बाईंचा भाग.

त्या काळची गावठी शाळा डोळ्यांपुढे आणली, तर या कामातली अडचण लक्षात येते. जमिनीवर बसायचं. पुढ्यात धुळपाटी, म्हणजे धूळ पसरलेली फळी. बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं, पुन्हा काढायचं. मुलगी जोडाक्षरांपर्यंत येते न येते तोच घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होत. आठव्या-नवव्या वर्षी लग्न हा रिवाज होता. शिकलेली मुलगी विधवा होते, हा समजही पक्का होता. मुलगी सासरी गेली की धुळपाटी दुसरीच्या पुढ्यात जायची आणि बाईंना पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी लागायची. असं एक-दोन नव्हे, तीसहून अधिक वर्षं करत राहणं ही मला या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ मध्ये ती मायदेशी परतली. पुष्कळांची परदेशातली नोकरी इथेच संपते. ती दोन वर्षांनी परत आली, आणि या वेळी नगरला. मिशनने नगरचं ठाणं १८३१ च्या डिसेंबरात उघडलं होतं. मुंबईपेक्षा हवा बरी, म्हणून ही जागा पसंत पडली होती. तरीही ठाणं उघडणाऱ्यांपैकी विल्यम हर्वे पुढच्याच वर्षी पटकीने गेला. सिंथिया आली त्याच सुमारास हरि रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण तरुणाने धर्मांतर केल्याने नगरात खळबळ माजली होती. मिशनची शाळा म्हणजे धर्म बुडवायची जागा, ही पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता, आणि फॅरारबाईंच्या शाळा त्याच हेतूच्या पोटी जन्मल्या होत्या. ते झाकून त्यांचं कौतुक करणं प्रामाणिक होणार नाही.

पण शाळेत पेरलेलं कुठे उगवेल, हे शाळा काढणाऱ्याच्या हाती नसतं. सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्यासोबत त्यांचे पुण्याचे मित्र जोतीराव फुले फॅरारबाईंची शाळा पाहायला गेले. मुली ज्या पद्धतीने शिकत होत्या ती पाहून जोतीरावांना समाधान वाटलं, आणि पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. हे त्यांनी स्वतःच पुढे १८५३ मध्ये ‘ज्ञानोदया’त सांगितलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही याच मिशनचं, १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेलं.

पुण्यातली ती शाळा म्हणजे १८४८ ची, भिडेवाड्यातली. तिथे शिकवणाऱ्या, जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंच्या चरित्रांत त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं त्या ठिकाणांमध्ये पुण्याच्या मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलबरोबर नगरच्या फॅरारबाईंच्या संस्थेचंही नाव येतं. फरक लक्षात घेण्याजोगा आहे. सिंथिया फॅरारना शिकवायला पंतोजी ठेवावे लागले होते. भिडेवाड्यात मुलींसमोर उभी राहिली ती याच मातीतली, मराठी बोलणारी बाई. रस्त्यात तिच्या अंगावर शेण-चिखल पडला, पण वर्गात तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना ‘अ’ काढून दाखवायला समुद्रापलीकडून कुणाला यावं लागलं नाही.

फॅरारबाई त्यानंतरही नगरला चौदाएक वर्षं शाळा सांभाळत राहिल्या. १८५७ चा उठाव झाला, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं. बाई तिथेच होत्या. मृत्यूच्या वेळी त्यांचं वय सहासष्ट होतं. त्यातली तेवीसएक वर्षं नगरच्या मुलींना शिकवण्यात गेली होती.