होन, पुतळी आणि गिनी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये येथलाच. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील राममंदिरातून समर्थांच्या घराण्यात पूजिल्या जाणाऱ्या पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या. पुढे पोलिसांनी माग काढून त्या हस्तगत केल्या. तराजूत घातल्यास त्या मूर्तींचे मोल किती भरले असते, हे कोणताही तांबट सांगेल. परंतु गावाचे जे गेले होते ते तराजूत मावणारे नव्हते. जुनी सुवर्णनाणी विकत घेणाऱ्या गृहस्थास नेमका हाच भेद ओळखावा लागतो. आपण धातू घेत आहो, की इतिहास? दोहोंची किंमत एकाच नगावर चढलेली असते, आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेच.

हा मुलूख मोगलांकडून आसफजाही घराण्याकडे गेला व सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. म्हणून मोहोर व अशरफी ही नावे येथे परकी नाहीत. दक्षिणेत पूर्वापार चाले तो होन. आणि समुद्रापलीकडून आला तो व्हेनिसचा डुकाट. त्यावर तेथील अधिपती संत मार्कापुढे गुडघे टेकून असतो. आमच्या बायकांना ना तो अधिपती ठाऊक, ना तो संत. त्यांनी आकृती पाहिली, नाण्यास पुतळी म्हटले आणि त्याची माळ करून गळ्यात घातली. साडेतीन ग्रॅमचे हे नाणे जवळजवळ निर्भेळ सोन्याचे असे, आणि आमच्या लोकांनी ते ओळखले ते कसावरून, लेखावरून नव्हे.

नाण्याचे मोल कसात व वजनात, ही गोष्ट शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये मोठ्या मार्मिकपणे सांगितली आहे. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याला तहात हवे होते. महाराजांचे म्हणणे असे पडले की, आपण कोणत्याच नाण्यास मनाई करीत नाही. परंतु ज्यात प्रजेची बूड होईल ते नाणे घेण्याची तिच्यावर सक्तीही करता येणार नाही. कंपनीचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके कसदार व वजनदार असेल, तर ते चालण्यास हरकत नाही. अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांतही हे तत्त्व याहून स्वच्छ सापडणे कठीण!

त्याच महाराजांचा सोन्याचा होन मात्र आज अतिशय दुर्मिळ आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, आणि वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. उलट तांब्याची शिवराई विपुल सापडते. आमच्या मते याचे कारण उघड आहे. तांबे आटवून कोणाचे घर चालणार? सोने मात्र प्रत्येक राज्यक्रांतीत, प्रत्येक लग्नकार्यात मुशीत गेले. ज्याने होनाकडे केवळ ठेव म्हणून पाहिले त्यानेच तो नाहीसा केला. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या नव्या होनांचा सुळसुळाट पाहता, जाणत्याच्या परीक्षेवाचून असा होन घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

ठेवच करावयाची असेल तर गिनी बरी. १९१८ मध्ये मुंबईस इंग्लंडच्या शाही टांकसाळीची शाखा होती. तीत सुमारे तेरा लाख गिन्या पाडल्या गेल्या. गिनीचे वजन आठ ग्रॅमला किंचित कमी, कस बावीस कॅरेट. म्हणजे शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. एवढ्या सोन्याच्या चालू भावाहून अधिक जे मागितले जाईल ते कशासाठी, हे विचारून घ्यावे. संग्राहकाने ते खुशाल द्यावे. पण मग नाणे रिठ्याच्या पाण्यात घासू नये, आणि डाख देऊन कडी लावलेले असल्यास कमी भाव द्यावा.

वारसांच्या वाटणीत पुतळ्यांची माळ तुटते व झिजलेली पुतळी सोनाराकडे प्रथम जाते. ती आटविण्यापूर्वी एखाद्या नाणकशास्त्रज्ञास दाखवावी, एवढे तरी व्हावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते व देशाबाहेर नेता येत नाही. आणि शेत नांगरताना मोहोरांचा हंडा लागला, तर शेत आपले असले तरी कलेक्टरास कळविणे १८७८ च्या कायद्याने भाग आहे. त्यात मर्यादा आहे दहा रुपयांची. आणि आज दहा रुपयांचे सोने पाहावयाचे तर भिंगच हवे.