दिवस मावळल्यानंतरचा तास

तोरणा-राजगडाच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या खेड्यांत मजुराचा दिवस सूर्यावर मोजला जाई. दिवस मावळला की काम सुटले. इथून आणि भोर-मुळशीच्या मावळांतून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्यांनी हे मोजमापही सोबत नेले असणार. गिरण्याही तेव्हा उजेडावरच चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. पगार मात्र तेवढाच.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली परळला गिरणी कामगारांची सभा झाली. तिथल्या मागण्या अशा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. निवेदनाखाली साडेपाच हजार सह्या होत्या. एकट्याने मालकापुढे तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी गिरणीचे दार बंद. साडेपाच हजारांना घरी बसवणे सोपे नव्हते. रविवारच्या सुटीसाठीसुद्धा 1890 उजाडले.

मला त्या यादीतला 'सूर्यास्त' महत्त्वाचा वाटतो. कामगारांनी हद्द मागितली ती आपल्याला ठाऊक असलेल्या भाषेत. पण 1905च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती हद्दच पुसली गेली. चौदा-पंधरा तास यंत्रे फिरू लागली, कामगार बिथरले. उक्त्या कामावरच्या विणकराला जास्त मालाचे थोडे पैसे तरी सुटत. महिन्याच्या पगारावरच्या माणसाच्या जादा तासाचा भाव मात्र कोणत्याच कायद्यात लिहिलेला नव्हता.

1911च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. आठवड्याला साठ तासांची मर्यादा आणि त्यावरच्या तासाला निदान सव्वापट मजुरी, हे 1922 साली आले. म्हणजे परळच्या सभेनंतर 38 वर्षांनी! लोखंडे 1897मध्येच गेले होते. पगाराच्या तारखेची त्यांची मागणी 1936च्या वेतन कायद्यात उतरली; तीही पंधरा नव्हे, सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत. दुप्पट मजुरी 1948च्या कारखाने कायद्याने दिली: दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडे.

एप्रिल 2020मध्ये, टाळेबंदीत, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची मुभा दिली आणि जादा तासाचा दुप्पट दर साध्यावर आणला. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द केल्या आणि मधल्या काळातल्या जादा तासांची मजुरी दुपटीने देण्याचा आदेश दिला.