पहिल्या वर्षी नापास, मग 3 आठवड्यांचं नाटक

रिझल्टची साइट रिफ्रेश करत करत हे ऐकत असाल, तर जरा थांबा. मला पहिली केटी लागली, तेव्हा आपलं सगळं संपलं असंच वाटलं होतं. म्हणून आजची गोष्ट किलियन मर्फीची. ऑस्कर मिळवणाऱ्या 'ओपनहायमर'ची नाही, तर आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या 20 वर्षांच्या पोराची.

आई फ्रेंचची शिक्षिका, वडील शिक्षण खात्यात. पोरगं मात्र बँडवालं. ॲसिड जॅझ या लंडनच्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांच्या बँडला चक्क 5 अल्बमचा करार देऊ केला. पण बँडमधला धाकटा भाऊ अजून शाळेत, पैसे कमी आणि गाण्यांचे हक्क कंपनीकडे जाणार. करार नाकारला. इकडे युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये कायद्याला प्रवेश घेतलेला, तिथे पहिल्या वर्षीच नापास!

तेव्हा कॉर्कडोर्का नावाचा स्थानिक नाट्यसंघ 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' करत होता, तेही थिएटरमध्ये नाही, सर हेन्रीज नावाच्या नाइटक्लबमध्ये. ते बघून हा पठ्ठ्या इतका भारावला की दिग्दर्शक पॅट कीर्नन यांच्या मागेच लागला: माझी ऑडिशन घ्या.

आणि 1996 मध्ये 'डिस्को पिग्ज' मिळालं. लेखक एंडा वॉल्श. रंगमंचावर दोनच नट, किलियन आणि आयलीन वॉल्श. एकाच दिवशी जन्मलेली, आपसात स्वतःचीच भाषा बोलणारी दोन मुलं. कॉर्कमध्ये 3 आठवडे प्रयोग करायचे, एवढंच ठरलेलं. प्रत्यक्षात नाटक युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया फिरत जवळपास 2 वर्षं चाललं.

पुढे 2001 मध्ये त्यावर सिनेमा आला. किलियन तोच, पण आयलीनची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीला गेली. 2002 मध्ये डॅनी बॉयलचा '28 डेज लेटर' आला आणि ओसाड लंडनमध्ये एकटा फिरणारा तो चेहरा जगाला माहीत झाला.

इथे गोष्ट संपली असती. पण ऑस्कर मिळाला त्याच 2024 मध्ये त्याचा 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' आला. पटकथा एंडा वॉल्शची. सिनेमात त्याची बायको झालीये आयलीन वॉल्श. 28 वर्षांनी तेच तिघं!

मार्कशीट तीच राहणार, मंडळी. पण कॉलेजच्या एकांकिकेत तुमच्यासोबत रात्र रात्र जागलेले ते दोघंतिघं आठवतायत ना? आज त्यांना एक मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात.