इन्सब्रुकचें रिकामें थडगें

आल्प्स पर्वतांतील शहरें पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाची एक गंमत असते. तो शहर पाहावयास म्हणून निघतो आणि डोंगर पाहून परत येतो. ऑस्ट्रियांतील तिरोल प्रांताची राजधानी इन्सब्रुक येथें तर हें अगदीं साहजिक आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून पावणेसहाशें मीटरांच्या आसपास. परंतु उत्तरेस नोर्डकेटे नांवाची डोंगराची भिंत अशी एकाएकीं उभी राहिली आहे कीं, बाजारांत भाजी घेणाऱ्या मनुष्यानें सहज मान वर केली तर छपरांच्या वर त्यास सुळकेच दिसावे. शहराच्या मध्यभागीं गाडींत बसावें, बगदादेंत जन्मलेल्या झाहा हदीद या स्थापत्यविशारद बाईंनीं २००७ सालीं घडविलेलीं बर्फासारखीं वळणदार स्थानकें मागें टाकावीं, आणि पुढें १९२८ सालीं सुरू झालेल्या रोपवेनें हाफेलेकार येथें सव्वादोन हजार मीटरांवर जाऊन पोंचावें, असा तेथला रिवाज आहे. आम्हीही तसेच गेलों, वाऱ्यानें उडणारी टोपी सांभाळली, एका बाजूस शहर व दुसऱ्या बाजूस कार्वेंडेलचे उजाड कडे पाहिले, आणि इतरांप्रमाणेंच संतुष्ट होऊन खालीं उतरलों. आमच्या मनांत जें घर करून राहिलें आहे तें मात्र डोंगरावरचें नव्हे. खालीं एका चर्चमध्यें आम्हीं एक थडगें पाहिलें. त्याच्याभोंवतीं ब्राँझचे अठ्ठावीस पुतळे पहारा करीत उभे आहेत, आणि त्या थडग्यांत कोणीही नाहीं.

ही काय भानगड आहे हें समजण्यास शहराचा थोडा इतिहास सांगणें भाग आहे. इन्सब्रुक म्हणजे इन नदीवरील पूल. दक्षिणेस सुमारें १३७० मीटर उंचीचा ब्रेनर घांट आहे. आल्प्स ओलांडणाऱ्या मोठ्या वाटांमध्यें हा पुष्कळच सखल, म्हणून व्हेनिसचा माल ऑग्सबुर्गकडे जावयाचा तो याच वाटेनें. जेथें माल चालतो तेथें जनावरें बांधावयास जागा, गाडीवानास जेवण व व्यापाऱ्यास बिछाना लागतो. तेव्हां या प्रांतांत खाणावळवाला म्हणजे कोणी सामान्य असामी नव्हे. बातमी, उधारी, घोडीं आणि दारू या चारही गोष्टी त्याच्या हातीं असत. १५५१-५२ च्या हिवाळ्यांत तर या वाटेनें एक हत्तीही गेला. पोर्तुगीजांनीं पूर्वेकडून आणलेला हा प्राणी आर्चड्यूक मॅक्सिमिलियन (हा आमच्या कथेंतील मॅक्सिमिलियनचा पणतू) व्हिएन्नास नेत होता. वाटेंत ब्रिक्सेन गांवीं ज्या खाणावळींत त्याचा मुक्काम पडला, तिनें पुढें हत्तीचेंच नांव धारण केलें, व तें आजही चालू आहे. बर्फांत उभा असलेला तो बिचारा काय म्हणत असेल, अशी कल्पना आमच्या मनांत वारंवार येऊन गेली.

तिरोल प्रांत १३६३ सालीं हाप्सबुर्ग घराण्याकडे आला, आणि १४२० च्या सुमारास चौथ्या फ्रीडरिशनें आपली गादी इन्सब्रुकला आणली. या राजास लोक ‘रिकाम्या खिशाचा फ्रीडरिश’ म्हणत. जुन्या पेठेंत ‘सोन्याचें छप्पर’ म्हणून जो सुप्रसिद्ध सज्जा आहे, तो या थट्टेस उत्तर म्हणून त्यानेंच बांधला, अशी दंतकथा तेथें अजून ऐकावयास मिळते. ती खोटी आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या २,६५७ तांब्याच्या पत्र्यांचें तें छप्पर १५०० सालीं पुरें झालें, म्हणजे फ्रीडरिश मरून दोन पिढ्या लोटल्यावर. आणि तें बांधविणारा पुरुष म्हणजे बादशहा पहिला मॅक्सिमिलियन. चौकांतील खेळ व मल्लक्रीडा त्या सज्जांतून दरबारानें पाहाव्या आणि खालच्या लोकांनीं दरबारास पाहावें, ही त्याची योजना होती. सज्जावर कोरलेल्या चित्रांत बादशहा आपल्या दोन बायकांसह बसला आहे. एक बर्गंडीची मेरी, जी तरुणपणींच वारली, आणि दुसरी मिलानची बियांका मारिया स्फोर्झा, जी हयात होती. मेलेली व जिवंत अशा दोन्ही राण्या शेजारीं शेजारीं बसविण्यास कोणाची हरकत झाल्याचें दिसत नाहीं.

दंतकथा खोटी असली तरी तिनें फक्त माणूस चुकविला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण खिसा रिकामा होता तो मॅक्सिमिलियनचा. श्वाट्स येथील चांदीच्या खाणी त्याच्या राज्यांत होत्या, हाल येथें टांकसाळ होती. परंतु युद्धें, लग्नें, ग्रंथ, चिलखतें व शिकारी यांचा खर्च असा कीं, चांदी जमिनींतून निघण्यापूर्वींच ऑग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडे गहाण पडलेली असे. १५१८ सालीं ऑग्सबुर्गची सभा आटोपून तो आजारी अवस्थेंत इन्सब्रुकला परतला, तेव्हां मागचीं बिलें थकलेलीं असल्यामुळें गांवच्या खाणावळवाल्यांनीं त्याच्या लवाजम्यास व घोड्यांस जागा देण्याचें नाकारलें, असा वृत्तांत आहे. युरोपांतील सर्वांत मोठ्या पदवीचा धनी आपल्या आवडत्या शहरांतून तसाच पुढें निघाला, आणि १२ जानेवारी १५१९ रोजीं वेल्स येथें मरण पावला. गेलीं कित्येक वर्षें तो आपली शवपेटी प्रवासांत बरोबर बाळगीत असे. मेल्यावर आपले केस कापावे, दात काढावे, शवास फटके मारावे, अशी त्याची आज्ञा होती. ज्यानें जन्मभर स्वतःचीं चित्रें काढविलीं त्याचा हा शेवटचा हुकूम आम्हांस विलक्षण वाटतो. पश्चात्तापही त्यानें थाटामाटानेंच केला.

त्याचें शव जन्मगांवीं, वीनर नॉयश्टाट येथें, वेदीखालीं पुरलें गेलें. परंतु थडग्याची तयारी १५०२ पासूनच चालली होती. चाळीस पूर्वजांचे पुरुषभर उंचीहून मोठे ब्राँझचे पुतळे, शंभर संतांच्या लहान मूर्ति व चौतीस रोमन बादशहांचे अर्धपुतळे, असा त्याचा बेत होता. पूर्वजांची यादीही त्यानें मोकळ्या हातानें केली होती. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस, गॉथांचा थिओडोरिक, आणि इंग्लंडच्या कथांतील राजा आर्थर हेही त्यानें आपल्या कुळांत ओढून घेतले. आर्थर व थिओडोरिक हे दोन पुतळे १५१३ सालीं न्यूरेंबर्गच्या पीटर फिशर याच्या कारखान्यांत ओतले गेले. त्यांच्या आकृति ड्यूररच्या. आम्हीं या आर्थरपुढें पुष्कळ वेळ काढला. बाकीचे पूर्वज अंगावरील जड वस्त्रांनीं वांकल्यासारखे दिसतात. हा मात्र एका पायावर भार देऊन सहज उभा आहे, जणूं कोणी हांक मारल्यास लगेच निघेल.

मॅक्सिमिलियन मेला तेव्हां बेत अपुराच होता. आणि मग अशी अडचण निघाली कीं, वीनर नॉयश्टाटचें तें प्रार्थनामंदिर वेशीच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळें एवढ्या ब्राँझचा भार त्याच्या कमानींस सोसण्यासारखा नव्हता. शेवटीं नातू पहिला फर्डिनंड यानें १५५३ ते १५६३ या काळांत इन्सब्रुकला केवळ या पुतळ्यांसाठीं एक चर्च बांधविलें, तेंच होफकिर्शे. अलेक्झांडर कोलिन या शिल्पकारानें थडग्याच्या बाजूंवर बादशहाच्या चरित्राचे संगमरवरी देखावे कोरले. असे एकंदर चोवीस देखावे आहेत. वर गुडघे टेकून प्रार्थना करणारा ब्राँझचा बादशहा बसावयास १५८४ साल उजाडलें. ब्याऐशीं वर्षें काम चाललें, चाळिसांपैकीं अठ्ठावीस पुतळे झाले, आणि ज्याच्यासाठीं हें सर्व केलें तो जेथल्या तेथें राहिला. तिरोली लोक या पुतळ्यांस ‘काळे पुरुष’ म्हणतात; वस्तुतः त्यांत स्त्रियाही आहेत. अंत्ययात्रेंतील मेणबत्त्या धरण्याचें काम त्यांच्याकडे द्यावयाचें होतें. त्यांच्या अर्धवट मिटलेल्या मुठी आज रिकाम्या दिसतात, त्याचें कारण हें.

त्या चर्चमध्यें खरोखर पुरलेलीं माणसेंही आहेत. आर्चड्यूक दुसरा फर्डिनंड व त्याची पत्नी फिलिपिने वेल्झर हीं वरच्या अंगास रुप्याच्या वेदीच्या खोलींत आहेत. ही व्यापाऱ्याची मुलगी, लग्न १५५७ सालीं चोरून झालेलें. तिच्यासाठीं त्यानें शहराबाहेर आम्ब्रासचा किल्ला सजविला व तेथें दुनियेंतील चमत्कारिक वस्तूंचा संग्रह केला. तो संग्रह पाहण्यास एक सबंध दिवस पाहिजे, व त्यावर स्वतंत्र लेख पाहिजे. येथें आम्हांस ज्याच्याविषयीं लिहावयाचें आहे तो प्रवेशद्वाराजवळ भिंतीला लागून निजला आहे. तो एक खाणावळवाला होता.

आंद्रेआस होफर हा पासायर खोऱ्यांतला. जन्म १७६७ चा. वडिलोपार्जित खाणावळ, जोडीला दारूचा व घोड्यांचा व्यापार, छातीवर रुळणारी दाढी. १८०५ सालीं नेपोलियननें तिरोल प्रांत ऑस्ट्रियाकडून काढून बव्हेरियास दिला. बव्हेरियाच्या मंत्र्यांनीं मठ बंद केले, मिरवणुकांवर बंदी घातली, देवीची लस सक्तीची केली, तिरोल हें नांवच नकाशावरून पुसून जिल्ह्यांस नद्यांचीं नांवें दिलीं, आणि शेवटीं पोरांना सैन्यांत ओढावयास आरंभ केला. येथें मॅक्सिमिलियन पुन्हां आड येतो. १५११ सालीं त्यानें तिरोलच्या प्रतिनिधींशीं एक करार केला होता: प्रांताचें रक्षण तेथल्या लोकांनीं स्वतः शस्त्र धरून करावें, परंतु त्यांच्या संमतीवांचून त्यांस प्रांताबाहेर लढावयास नेऊं नये. तीनशें वर्षांपूर्वींच्या त्या कागदाची शेतकऱ्यांस पक्की आठवण होती. बादशहाचीं बिलें बुडालीं असतील, पण हें लेखी वचन त्यांच्या मतें अजून वसूल व्हावयाचें होतें.

१८०९ च्या एप्रिलांत बंड झालें. शहराच्या दक्षिणेस बेर्गीझेल नांवाची टेकडी आहे; तिच्यावर त्या एका वर्षांत शेतकऱ्यांनीं मोठ्या लढाया दिल्या. १३ ऑगस्टला तर फ्रेंच मार्शल लफेव्र याच्या फौजेस त्यांनीं मागें रेटलें, आणि खाणावळवाला होफर इन्सब्रुकच्या राजवाड्यांत बसून बादशहाच्या नांवानें राज्य करूं लागला. दोन महिने तें राज्य टिकलें. त्याचें गुणवर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही दुसरी बाजूही सांगतों. स्त्रियांनीं दंड व छाती झांकावी असे हुकूम निघाले, नाच बंद झाले. एप्रिलांत बंडवाले शहरांत शिरले तेव्हां त्यांनीं ज्यू कुटुंबांचीं घरें लुटलीं होतीं. लस ही देवाच्या कारभारांत ढवळाढवळ आहे, अशी त्यांच्यांतील पुष्कळांची समजूत होती. तात्पर्य, स्वातंत्र्यवीर म्हणून जें चित्र शाळेच्या पुस्तकांत रंगविलें जातें, त्यांत हा मनुष्य पुरा मावत नाहीं. तो जुन्याचा अभिमानी होता, आणि जुन्यांत जें चांगलें व जें वाईट असतें तें सर्व त्याच्याजवळ होतें.

पण एका बाबतींत त्याची बाजू निर्विवाद आहे. बादशहा फ्रान्ट्सनें त्या मे महिन्यांत लेखी वचन दिलें होतें कीं, तिरोल ऑस्ट्रियाकडे राहील असाच तह आपण करूं. १४ ऑक्टोबरला शेनब्रुन येथें त्यानें तह केला व तिरोल सोडून दिला. होफरला तें खरेंच वाटेना. कधीं शरण जावें असें म्हणे, कधीं पुन्हां हत्यार घ्या म्हणे. १ नोव्हेंबरला बेर्गीझेलवर शेवटचा पराभव झाला. तो डोंगरांतील एका झोंपडींत लपला, एका शेजाऱ्यानें बक्षिसाच्या लोभानें त्याचा पत्ता सांगितला, आणि २० फेब्रुवारी १८१० रोजीं मांटुआ येथें त्यास गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनीं बादशहाची मुलगी मेरी लुईझ हिचें व्हिएन्ना येथें नेपोलियनशीं प्रतिनिधीमार्फत लग्न लागलें.

१८२३ सालीं ऑस्ट्रियन सैन्यांतील कांहीं तिरोली शिकारी पलटणीचे अधिकारी मांटुआवरून परत येत होते. त्यांनीं वरिष्ठांची परवानगी न घेतां रात्रीं होफरचीं हाडें उकरून काढलीं व इन्सब्रुकला आणलीं. दरबाराची मोठी अडचण झाली. परंतु लोकांपुढें उपाय नव्हता. तेव्हां त्यास होफकिर्शेमध्येंच जागा मिळाली, आणि पुढें त्यावर संगमरवरी पुतळाही उभा राहिला.

आम्ही गेलों त्या दिवशीं चर्चमध्यें शाळेंतील मुलांचा एक घोळका आला होता. शिक्षकांनीं त्यांस प्रथम राजांभोंवतीं फिरविलें. मुलांनीं चिलखतें मोजलीं. मग तीं होफरपाशीं आलीं व आपसूकच हळू बोलूं लागलीं.

बेर्गीझेलवर आतां १८९३ सालचा होफरचा पुतळा आहे, १३ ऑगस्टच्या लढाईचें सुमारें हजार चौरस मीटरांचें वर्तुळाकार चित्र आहे, आणि झाहा हदीद यांनींच बांधलेला, २००२ मध्यें पुरा झालेला, बर्फावरील उड्यांचा मनोरा आहे. मनोऱ्यावर चढून गेल्यास उडी मारणाऱ्यास समोर काय दिसतें तें पाहतां येतें: खालीं उतार, उतारापलीकडे व्हिल्टेनचें कबरस्तान, मग शहर, आणि त्यामागें तीच डोंगराची भिंत.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आगगाडीनें दक्षिणेस निघालों. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहानें, सरहद्द ब्रेनर घांटावर आली; होफरची खाणावळ, जेथें आतां त्याचें संग्रहालय आहे, ती तेव्हांपासून इटलींत आहे. ब्रेनरला गाडी कांहीं वेळ थांबली. फलाटावर पाट्या दोन भाषांत होत्या. आमच्या डब्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. ते पासायरचेच निघाले. होफरच्या घराण्याचें त्या खाणावळीवर शेवटपर्यंत कर्ज होतें काय, असें आम्हीं त्यांस विचारलें. ते म्हणाले, “कर्ज नव्हतें अशी खाणावळ आमच्या खोऱ्यांत कोणती होती?” आणि त्यांनीं पिशवींतून पाव व चीज काढून आमच्यापुढें केलें.