अस्सल आणि तालीक



मराठ्यांच्या राज्यकारभारात एक शहाणी रीत होती. कोणास इनाम दिले म्हणजे एक सनद करून सरकार स्वस्थ बसत नसे. त्याच आशयाची पत्रे परगण्याच्या अंमलदारास, देशमुख-देशपांड्यांस व गावच्या मोकदमास जात. पत्राच्या अखेरीस बहुधा अशी आज्ञा असे की, याची तालीक लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदाराजवळ परत द्यावे. तालीक म्हणजे नक्कल. अशा रीतीने एकच मजकूर चार ठिकाणी राही.

या रीतीचे मोल पुढे कळून आले. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजधानीतील दफ्तराचा नाश झाला. आज शिवछत्रपतींची जी पत्रे आपणांस वाचावयास मिळतात, ती बहुतांशी देशमुख, कुलकर्णी, मठ आणि देवस्थाने यांनी जपलेल्या रुमालांतून आली आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद मिळविले व १८९८ पासून ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत छापून काढले. सरकारी दफ्तर गेले; घरोघरचे कागद उरले.

आता कित्येक कुटुंबांचे दफ्तर संगणकात असते. खरेदीखताची छायाप्रत, मुलांची गुणपत्रके, लग्नाची छायाचित्रे, क्वचित आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, हे सारे एका पेटीत. ती पेटी बिघडली की घरचा रायगड पडला म्हणून समजावे.

नक्कल बाहेर काढून ठेवण्याची साधने संगणकाबरोबरच वाढत गेली. १९७१ साली आयबीएम कंपनीने आठ इंची फ्लॉपी तबकडी बाजारात आणली. पुढे रूढ झालेल्या साडेतीन इंची फ्लॉपीत सुमारे १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. मागाहून आलेल्या सीडीत ७०० मेगाबाइट, म्हणजे पावणेपाचशेहून अधिक फ्लॉपींचा ऐवज, राहू लागला. २००० साली पेन ड्राइव्ह विक्रीस आला तेव्हा त्यात अवघे ८ मेगाबाइट मावत. आज ६४ गिगाबाइटांचा साधा पेन ड्राइव्ह घेण्यास कोल्हापुरी पायताणाच्या चांगल्या जोडाहून सहसा अधिक पैसे पडत नाहीत.

तथापि, स्वस्त वस्तू चिरंजीव नसते. घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगथर उन्हाने व उष्णतेने विटतो. पेन ड्राइव्हमधील विद्युत्‌भार वर्षानुवर्षे पडून राहिल्यास ओसरतो. शिवाय आणखी एक संकट आहे. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी करणे थांबविले. आज कपाटात फ्लॉपी सापडली तरी ती वाचणारे यंत्र सहजासहजी सापडत नाही. मोडी कागदांचे तसेच झाले. कागद धड आहेत, शाई ठळक आहे, परंतु वाचणारे थोडे. म्हणून जुन्या साधनावरील मजकूर, ते वाचता येते आहे तोवरच, नव्यावर उतरविणे इष्ट होय.

आम्हा कोल्हापूरकरांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन मोठ्या पुरांनी ती शिकविली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. शाहूपुरी, दुधाळी या भागांत पाणी घरांत शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याची नक्कल एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच बुडणार. रायगडाची तालीक रायगडावरच ठेवली असती, तर ती आपणांस कोठून मिळती?

तेव्हा कुटुंबाने एवढे करावे. महत्त्वाच्या मजकुराच्या दोन नकला कराव्यात. एक घरी ठेवावी. दुसरी परगावच्या बहिणीकडे अथवा भावाकडे द्यावी व त्यांची आपण ठेवून घ्यावी. नकलेवर तारीख व आतील मजकुराची नोंद असावी. दसऱ्यास आपण पाटीपूजन करतोच. त्याच दिवशी दोन्ही घरी त्या नकला यंत्रास लावून, उघडून, खरोखर वाचता येतात की नाही हे पाहावे. वर्षातील नव्या मजकुराची भरही त्याच वेळी घालावी. न उघडलेल्या नकलेचा भरवसा कोणी धरू नये.

देशमुखांच्या घरी पत्राची तालीक करणाऱ्या कारकुनास आपण इतिहास राखीत आहोत असे वाटले नसेल. त्याने नेमून दिलेले काम नीट केले, एवढेच. आपल्यालाही तेवढेच करावयाचे आहे.