लाईट का गेली, हे कोण सांगणार?

सोलापूरकरांनो, लाईट गेली की आपण आधी शेजारी डोकावतो. त्यांचीही गेली असेल तर निश्चिंत, बिघाड वरचा आहे! या 'वरच्या बिघाडा'चा थोडा इतिहास सांगतो.

जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं. ६० कोटींहून जास्त लोकांच्या भागातली वीज गेली. दक्षिण वाचली, कारण तेव्हा तिचं ग्रिड वेगळ्या ठेक्यावर चालायचं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि सगळा देश एका ग्रिडवर आला. ती गाठ आपल्या सोलापुरात बांधली गेली. एकीकडची जादा वीज दुसरीकडे जाऊ लागली, पण धोकाही सगळ्यांचा एक झाला.

हा धोका फक्त बिघाडाचा नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हॅकर्सनी दूर बसून सबस्टेशनचे ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. शेवटी कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर जाऊन हाताने वीज जोडली.

मग १२ ऑक्टोबर २०२०. मुंबईची वीज गेली, लोकल जागेवर थांबल्या. १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, घातपाताची शक्यता आहे, यंत्रणेत १४ 'ट्रोजन हॉर्स' सापडलेत. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, सायबर हल्ला नव्हे, मानवी चूक. पाच महिन्यांनंतरही एका घटनेची दोन उत्तरं!

इथे मशीन लर्निंग कामाला येतं. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, लोड यांच्या जुन्या नोंदींवरून संगणक ग्रिडची रोजची चाल शिकतो. तारेवर झाड पडलं तर आजूबाजूच्या सगळ्या मीटरना झटका जाणवतो. पण एकच मीटर भलतं सांगत असेल, किंवा कारण नसताना ब्रेकर उघडायचा आदेश आला, तर संशय घ्यायचा. म्हणजे आपलंच शेजारी डोकावणं!

पण ही जादूची कांडी नाही. आकडे एकमेकांशी जुळवून खोटे पेरता येतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्येच दाखवलं. शिवाय खरे हल्ले मोजकेच, त्यामुळे शिकायला उदाहरणं कमी. प्रत्येक वादळात खोटी घंटा वाजली तर कंट्रोल रूममधला माणूस ती बंदच करून टाकेल.

म्हणून मला वाटतं, यंत्र आणाच. पण मोठी वीज गेली की नोंदी स्वतंत्र तज्ज्ञांपुढे ठेवा आणि निष्कर्ष जाहीर करा. नाहीतर यंत्राने खरं सांगितलं तरी आपल्याला दोन मंत्र्यांची दोन उत्तरंच ऐकायला मिळतील.

तुम्हाला काय वाटतं?